अनाथोथचे शेत आणि श्रीरामपूरचे घर



प्रथमच जमीन किंवा घर विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाची झोप उडते. आयुष्यभराची पुंजी एका सहीने हातची जाणार असते. यातले मला काय कळते? फसलो तर घरच्यांना कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ? अशा वेळी जग सांगते, ‘स्वतःवर विश्वास ठेव.’ पण ज्याला आपले अज्ञान ठाऊक आहे, त्याने कशाच्या बळावर स्वतःवर विश्वास ठेवावा? ख्रिस्ती माणसाने या संशयाचे काय करावे?

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी श्रीरामपूर आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे. हे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. इंग्रज कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून मार्शमन, वॉर्ड आणि त्यांचे सोबती ऑक्टोबर १७९९ मध्ये येथे उतरले. तीन आठवड्यांच्या आत त्यांच्यातील ग्रँट वारले. जानेवारी १८०० मध्ये विल्यम केरी त्यांना येऊन मिळाले, तेही मागील अपयशाचे ओझे घेऊन. सुंदरबनातील जमीन त्यांनी काही महिन्यांतच सोडली होती आणि उत्तर बंगालमधील निळीचा कारखाना नुकसान सोसून टाकून आले होते.

आता राहावे कोठे? भाड्याने घर घ्यावे, तर भाड्यापायीच बुडावे. मोकळी जागा घेऊन चटयांची घरे उभारावीत, तर सोयीची जागा मिळेना. शेवटी गव्हर्नराच्या पुतण्याचे गावाच्या मध्यभागी असलेले मोठे घर त्यांनी ६,००० रुपयांस विकत घेतले. किंमत ऐकून त्यांच्या मनात धडकी भरली होती. पण त्यांनी हिशेब केला : चार वर्षांचे भाडे या किमतीइतकेच होते. भीती गेली नव्हती. भीती असतानाच त्यांनी गणित मांडले आणि घर घेतले.

त्यांच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत निघाला. मी स्वतः शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो. एखाद्या शब्दापाशी अडलो की त्या घराची आठवण होते. तो व्यवहार करताना मराठीतील एक ओळही त्या बंधूंच्या डोळ्यांसमोर नव्हती.

यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात असाच एक खरेदीदार भेटतो. यरुशलेमेला वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि परमेश्वराच्या आज्ञेने तो अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्यास विकत घेतो. त्याचा क्रम ध्यानात घ्या. तो खत लिहितो, त्यावर शिक्का करतो, साक्षीदार बोलावतो, रुपे तोलून देतो आणि दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेववितो. यात कोठेही हयगय नाही. हे सारे झाल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो, की नगर तर शत्रूच्या हाती जात आहे, मग शेत घ्यावयास का सांगितलेस? व्यवहार पूर्ण झाला तरी संशय उरलाच होता. परंतु यिर्मयाने तो मनात कुजवला नाही, देवापुढे नेला.

बंधुभगिनींनो, माझ्या मते संशय दोन प्रकारचा असतो. एक हिशेब मागतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेण्यास प्रभूने सांगितले, तो हाच. त्याला गप्प करू नका. सातबारा पाहा, तीस वर्षांचे दस्त वकिलाकडून तपासून घ्या, बांधकाम चालू असेल तर प्रकल्प २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेला आहे काय ते पाहा, आणि हप्ता थकल्यास घरी चूल पेटेल काय हेही विचारा. दुसरा संशय हमी मागतो : उद्या भाव वाढेलच ना? लोक मला मूर्ख म्हणणार नाहीत ना? याला उत्तर नाही, कारण उद्याचा दिवस आपला नाही. पहिल्याचे समाधान कागदांनी होते. दुसरा प्रार्थनेत ठेवावा लागतो. पहिल्याचे काम प्रार्थनेवर ढकलणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे.

आणखी एक प्रश्न मात्र खरेदीदार क्वचितच स्वतःला विचारतो : हे कोणासाठी? घराला घर आणि शेताला शेत जोडीत जाणाऱ्यांना यशयाने हाय हाय म्हटले आहे. पुढे श्रीरामपूरची मिळकत कोणाची, यावरून ते बंधू आणि त्यांची इंग्लंडमधील संस्था यांच्यात कटू वाद झाला, आणि १८२७ मध्ये ते विभक्त झाले. देवाच्या कामासाठी घेतलेल्या भिंतीही माणसांमध्ये उभ्या राहू शकतात. जमीन माझी आहे, तुम्ही तिच्यावरचे उपरे आहात, असे परमेश्वराने इस्राएलास बजावले होते. हे ज्याला उमगले, त्याच्या भीतीचे मूळच सैल होते. कारभाऱ्याने विश्वासू असावे, एवढीच अपेक्षा असते. त्याने भविष्य जाणावे अशी नाही.

तेव्हा कागद नीट वाचा, हिशेब प्रामाणिकपणे मांडा आणि जे दिसते ते ‘नको’ म्हणत असेल, तर निःसंकोच मागे फिरा. ते ‘होय’ म्हणत असेल, तर थरथरत्या हातानेही सही करता येते. मग यिर्मयाप्रमाणे, उरलेला प्रश्न घेऊन गुडघे टेका.