कार्बनचे गोत्र

मूलद्रव्यांची आवर्त सारणी भिंतीवर टांगून तिच्यातील अनुक्रमांक मुलांकडून घोकून घेणारा शिक्षक आपले दप्तर चोख ठेवतो खरा, परंतु ही द्रव्ये मुळात आली कोठून, असे दहावीतील एखाद्या मुलाने विचारताच त्याची पंचाईत होते. कारण वरकरणी रसायनाचा असलेला हा प्रश्न वस्तुतः उपनिषत्कालापासून चालत आलेला आहे. हायड्रोजन आणि बहुतांश हेलियम विश्वारंभीच्या काही मिनिटांतले, एवढे सांगून पुढे जाता येते. खरा रस कार्बनच्या कथेत आहे. ताऱ्याच्या गर्भात, सुमारे दहा कोटी अंश तापमानात, हेलियमची तीन केंद्रके पुरेशा प्रमाणात एकत्र यावयाची, तर कार्बनच्या केंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉइल (आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू) यांनी १९५३ च्या सुमारास केवळ तर्काने ताडले, आणि कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ती ७६.५ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी सापडली. एरवी निरीश्वरवादी असलेल्या या गृहस्थांना पुढे त्या योगायोगामागे कोणा महाबुद्धीचा हात भासू लागला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आपल्या अस्तित्वाच्या अटी पूर्ण झालेल्या पाहून आपणच चकित व्हावे, हे वादीनेच मुन्सफाच्या खुर्चीवर बसण्यासारखे आहे. तथापि रक्तातील लोह विझलेल्या ताऱ्यांचे देणे आहे, हे ऐकून वर्ग क्षणभर निःशब्द होतो, त्या निःशब्दतेला परीक्षेत गुण नाहीत, आणि मागच्या बाकावरून हलकेच प्रश्न येतो, “म्हणजे सर, तारे मेले म्हणून आपण आहोत?”