तुळजाभवानीची मंचकी निद्रा

आदिशक्ती ही चराचरातील प्रत्येक हालचालीचे कारण मानली, तर तिला थकवा येतो असे म्हणणे तर्काला धरून होत नाही. तरीही बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या तुळजापुरात महिषासुरमर्दिनी रूपातील अष्टभुजा भवानी वर्षातून तीनदा सिंहासन सोडून मंचकावर, म्हणजे पलंगावर, निजते. येथील मूर्ती चल, म्हणजे पीठावर कायमची न जडवलेली, असल्यामुळे ही निद्रा नुसती भावनेत राहत नाही, तर मूर्ती खरोखरच उचलून शेजघरात नेली जाते. शारदीय नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोह निद्रा, अशी त्यांची नावे आहेत.

मार्कंडेय पुराणातील १३ अध्यायांच्या देवीमाहात्म्यात निद्रा हे देवीचेच एक रूप ठरते: योगनिद्रा होऊन ती विष्णूच्या नेत्रांत वसते आणि ब्रह्मदेवाच्या विनवणीवरून ती दूर झाल्यावरच विष्णू जागा होऊन मधुकैटभांशी लढतो. घोर आणि मोह या दोन निद्रांचा अर्थ या कथेच्या आधाराने लावता येतो, कारण तेथे झोप ही उणीव नसून प्रकट होण्यापूर्वीची शक्तीची अवस्था आहे. श्रम निद्रेला मात्र हा आधार पुरत नाही. महिषासुराचा वध झाल्यावर पोथीतली देवी देवांची स्तुती ऐकते, संकटात स्मरण केल्यास धावून येण्याचा वर देते आणि अंतर्धान पावते. ती दमल्याचा उल्लेख तेथे कोठेही नाही.

तुळजापूरच्या परंपरेने येथे पुराणाची वाट सोडली आहे. सीमोल्लंघनासाठी मूर्तीला इजा होऊ नये म्हणून साड्यांच्या घड्या तिच्याभोवती गुंडाळतात, नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून तेली समाजाच्या मानाने आलेल्या पालखीतून तिला मिरवतात आणि मग पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून आलेल्या नव्या पलंगावर निजवतात. लढून आलेल्या देवीला अंतर्धान पावू न देता तिचे अंथरूण घालणारा भक्त तिच्याकडे केवळ वर मागत नाही, तर तिची काळजीही वाहतो. आणि आईपण हे एकतर्फी देणे नसून तिचे श्रम ओळखणारे लेकरूही त्यात गृहीत आहे, हा विचार पुराणात नव्हे तर या विधीत आहे. देवाला मानवी विकार चिकटवणारी ही भाबडी समजूत आहे, असा आक्षेप घेता येतो, पण तो वरवरचा आहे. कारण निद्रेच्या काळातही देवी मंदिरातच असते, पूजा चालू राहते आणि तिच्या सामर्थ्याविषयी कोणाच्याही मनात शंका येत नाही. अश्विन पौर्णिमेच्या पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर बसवली जाते आणि सोलापूर व कर्नाटकातून पायी आलेले यात्रेकरू तिच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहतात.