घडणावळ

हुपरीत जुने पैंजण मोडीत घातले की दोनच गोष्टी बघतात, वजन आणि टंच. घडणावळ गेली. कड्या कुणी जुळवल्या, घुंगरं कुणी बसवली, हे काटा विचारत नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक हेच सांगतो, असं मला बरेच दिवस वाटायचं. बारा वर्षं शिकून, फुगून घरी आलेल्या श्वेतकेतूला तो म्हणतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं. बाकीची बोलण्यातली नावं, खरी ती माती. पुढचा दृष्टान्त सोन्याचा. ज्ञानेश्वरीतही सोनं आणि दागिने याच कामाला येतात.

उलट अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’मध्ये चक्क चांदीचं भांडं आहे. पण चांदी हे त्याच्या लेखी चारातलं एकच कारण. आकार, घडवणारा आणि वस्तू कशासाठी, ही उरलेली तीन. म्हणजे कारागिराची बाजू ग्रीसने घेतली आणि आपण मोडीचा भाव लावला?

इतकं सोपं नाही. आपल्याकडचेच नैयायिक म्हणतात की घडा घडण्याआधी नव्हताच, ती नवी वस्तू आहे. कुंभार त्याचं निमित्तकारण. आणि तिकडे थेलीसने सगळ्याच्या मुळाशी पाणी ठेवलं होतं. भांडण पूर्व-पश्चिमेचं नाही, दोन्ही घरांत आतल्या आत चालू आहे. शिवाय उद्दालक मजुरीबद्दल बोलतच नव्हता. त्याला पोराचा गर्व उतरवायचा होता. ‘नामरूप खोटं’ हे कारागिराला ऐकवायचं वाक्य नव्हे. ते ज्याच्याकडे नावं जास्त झालीत त्याला ऐकवायचं.

(माझ्या धंद्यात तर माल नसतोच, सगळी घडणावळ. प्रोजेक्ट गुंडाळला की मोडीलाही काही उरत नाही. म्हणून कदाचित मी नैयायिकांकडे झुकतो.)

आजीने आयुष्यभर घरी बसून नगावर घुंगरं जोडली. मागच्या दिवाळीत भाव चढला, तेव्हा तिचे तुटके पैंजण मी काट्यावर ठेवले.

“वजन कर की,” ती म्हणाली, “पण आटवू नगंस.”

“अगं आजी, चांदी तीच राहते.”

“चांदी ऱ्हाती रं. ती घुंगरं मी बसवल्यात.”

आणि काट्यावरून उचलून तिने ते पुन्हा डब्यात टाकले.