रोजा, साखर आणि रुखसत

२०१८ चा रमजान ऐन मे महिन्यात आला होता. दुसरबीडात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचे. आमचे मामू जुने शुगरचे पेशंट. एके दिवशी अस्रनंतर त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. मुमानी साखरपाणी घेऊन धावल्या, तर मामू म्हणाले, "दीड तासासाठी रोजा तोडू?" आणि आम्ही, शिकलेसवरलेले मास्तर, त्यांच्या हिमतीचे कौतुक करीत उभे! मुमानींनी मात्र पाणी पाजलेच. ईदपर्यंत मामू त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाची चर्चा घरोघरी होती. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. प्रत्येक खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते, म्हणून दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवावे. मामूंना आयताच दाखला मिळाला: "डॉक्टरच उपाशी राहा म्हणतात, मग रोजाने काय होणार?" आम्हालाही ते पटले होते. पण त्या उपवासात पाणी चालते, रोजात घोटभरही नाही. शिवाय मामू सहरीला ग्लिमेपिराइड घेत. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्शुलिन स्रवायला लावते. साखर ७० च्या खाली गेली की रोजा लगेच सोडावा, असे तज्ज्ञ बजावतात. बोटाला सुई टोचून ती तपासल्याने रोजा तुटत नाही, हे आमच्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

म्हणजे प्रत्येक मधुमेह्याने रोजा सोडावा असे नव्हे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या अनेकांना तो झेपतो. मात्र डॉक्टरांना रमजानआधी विचारावे, चक्कर आल्यावर नव्हे.

सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रुखसत, म्हणजे सवलत आहे. नंतर कजा करावा. कधीच जमणार नसेल तर फिदिया, एका मिस्कीनाचे जेवण. ज्याने रोजा फर्ज केला त्यानेच ही सवलत दिली. मग ती घेताना मान खाली का जाते? आम्हाला वाटते, ही लाज अल्लाहची नसून मोहल्ल्याची असते. मशिदीच्या दारात "काय मामू, रोजा आहे ना?" असे विचारणारे आम्हीच. इफ्तारीला त्यांच्याच पुढे भजी आणि जिलेबी सरकवणारेही आम्हीच.

पुढच्या रमजानमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने मामूंनी फिदिया दिला. दुपारी दार लोटून जेवत. आम्ही शाळेतून आलो की ताट झाकत. एके दिवशी मुमानींनी परात आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "मास्तर, मामूंना भाकर वाढा." आम्ही वाढली. मामूंनी ताट झाकले नाही.