मृग लागला तरी

मृग लागला की ऊन निवते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुधोळकडे पुष्कळ वर्षी तसे घडत नाही. (हा तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, मग आदिलाबादेत आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेला, घरातली मराठी मात्र जागच्या जागी राहिली.) एखादी सर येते, काळ्या रानाच्या भेगा मिटतात, कपाशी लावली जाते आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे. कोंब करपतो. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर येते.

या उन्हात एक कपट आहे. पारा मे महिन्यापेक्षा खाली असतो म्हणून आपण निर्धास्त होतो. पण हवेतल्या ओलीमुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

देवाने ऊन सर्वांवर सारखेच पाडले. दिवसातले गार तास कोणी घ्यायचे हे मात्र माणसे ठरवतात. उन्हामुळे आम्ही उपासना सकाळी सातला घेऊ लागलो. मोठी सोय झाली, असे आम्हीच एकमेकांना म्हणालो. रोजाने जाणाऱ्या बहिणी दिसेनाशा झाल्या, तेव्हा आम्हांला त्यांच्या विश्वासाची काळजी वाटू लागली! सहा ते दहा हेच त्यांच्या कामाचे तास होते. त्यांतल्या काही आमच्याच शेतांत होत्या, हे लिहिताना संकोच वाटतो.

२०१५ च्या मे महिन्यात तेलंगण व आंध्र मिळून हजारावर माणसे उन्हाने गेली. २०२५ मध्ये तेलंगण सरकारने उष्माघात ही राज्याची आपत्ती ठरवून मृताच्या वारसांना चार लाख रुपये जाहीर केले. हे योग्यच झाले. पण जिवंत माणसाला बारा ते चार सावलीत बसवले तर त्या तासांची मजुरी कोणी द्यावी? लहान शेतकऱ्याच्या हातीही पैसा नसतो.

द्राक्षमळ्याचा दाखला शब्बाथ शाळेत आपण कृपेसाठी शिकवतो, तसाच शिकवावा. मात्र पहाटे लागलेल्या मजुरांनी उन्हाची तक्रार केली होती, तिकडेही मुलांचे लक्ष वेधावे. धनी त्यांना मजुरीचे उत्तर देतो, उन्हाचे देत नाही. पण तोच धनी सहाव्या ताशी, म्हणजे भर दुपारी, स्वतः बाजारात मजूर शोधायला गेला होता.

यंदा आम्ही उपासना सायंकाळी ठेवून पाहिली. भिंती तापलेल्याच होत्या, डास फार. त्या बहिणी आल्या. एक जण दुसऱ्या गीतालाच भिंतीला टेकून झोपी गेली. तिला कोणी उठवले नाही.