दुभाषी घरचा नको

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरतात. कागदाची वाट सोपी झाली. पण इच्छापत्र करणाऱ्याला त्याचे परिणाम उमगलेले असावेत, ही अट कायम आहे आणि जालना जिल्ह्यात घोडे तिथेच अडते. मंठा, परतूरकडच्या तांड्यांत घरची बोली गोरमाटी आहे, शहरात उर्दू-दखनी बोलणारी मोठी वस्ती आहे आणि पोलाद कारखान्यांत परप्रांतीय मजूर आहेत. कर्करोग झाला की यांतल्या अनेकांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावे लागते. तिथे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये बहुधा मुलगा किंवा जावई उभा असतो.

अशा भेटीत काय घडू शकते ते पाहा. डॉक्टर म्हणतात, ‘आता केमोने आजार हटणार नाही. पुढे श्वास अडकला तर व्हेंटिलेटर लावायचा का, आईंना विचारा.’ मुलगा आईला सांगतो, ‘औषध चालू ठेवायचं म्हणतात.’ आई मान हलवते आणि केसपेपरवर संमतीची नोंद होते. मुलाच्या मनात खोट नसते. आईला धक्का बसू नये एवढेच त्याला हवे असते. पण आईला प्रश्न पोचलेलाच नसतो. अमेरिकेत संशोधक ग्लेन फ्लोरेस यांनी २००३ साली बालरुग्णांच्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा दर भेटीत दुभाषांतराच्या सरासरी ३१ चुका सापडल्या. आयत्या वेळच्या दुभाष्यांच्या चुका उपचारांना बाधण्याचा संभव अधिक होता. म्हणून दुभाषी घराबाहेरचा, शिकवलेला आणि डॉक्टरांच्या बरोबरीने काम करणारा हवा. भेटीआधी डॉक्टरांनी त्याला काय सांगायचे, काय विचारायचे ते समजावावे. घरात वडीलधाऱ्यांसमोर कोणता विषय कसा काढतात, ते त्याने डॉक्टरांना सांगावे. बोलताना डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहावे. शेवटी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय समजले ते सांगावे आणि मगच नोंद व्हावी.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे निर्णय घर घेते आणि खरे सांगितले तर रुग्ण खचतो. त्यावर उपाय लपवाछपवी नाही. किती ऐकायचे आहे, हे आधी रुग्णालाच विचारावे. ‘माझ्या लेकाला विचारा,’ असे आई म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय आहे आणि तो तसाच लिहावा. दुसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक भाषेचा पगारी दुभाषी नेमणे अवघड आहे, हे खरेच. पण आशाताई, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक यांतल्या दोन भाषा जाणणाऱ्यांना प्रशिक्षण आणि मानधन देता येईल. दुभाषी ओळखीचाच असला तर बातमी तांडाभर होण्याची भीती रास्त आहे. म्हणून दुभाषी दुसऱ्या गावचा असावा किंवा त्याने फोनवरून बोलावे.

हे लांबणीवर टाकता येणार नाही. दिवाळीच्या सुमारास इथली अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि अखेरच्या घडीला मुलगा दूरच्या फडात असू शकतो. तेव्हा आईला काय हवे होते, हे आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे. जिल्हा आरोग्य यंत्रणेने दुभाष्यांचे प्रशिक्षण हाती घ्यावे आणि तोवर एवढा नियम तरी पाळावा: रुग्णाला कळणाऱ्या भाषेत जे बोलणे झाले नाही, ते संमती म्हणून नोंदवू नये.