पक्ष नसलेल्या गावातली घराणी

वाशिम जिल्ह्यात आसेगावं दोन. एक मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं. दुसरं रिसोड तालुक्यातलं, आसेगाव पेन. त्यातल्या पहिल्या आसेगावात, चहाच्या टपरीवर, मी एका धडपड्या तरुण कार्यकर्त्याची तारीफ करत होतो. शेजारच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोट्टा चांगला हाय, पण हाय कोनाचा?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

पवार, ठाकरे, पुसदचे नाईक ही घराण्यांची यादी वाचकाला पाठ आहे. मी रिसोडकडे बघतो. रामराव झनक जुन्या मेडशी मतदारसंघाचे आमदार. चिरंजीव सुभाष झनक 2009 साली रिसोडमधून निवडून आले, मंत्री झाले. नातू अमित झनक यांनी काँग्रेसच्याच चिन्हावर 2014, 2019 आणि 2024 अशा तिन्ही सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. 2019 ला फरक जेमतेम दोन हजारांचा होता. 2024 ला राज्यात काँग्रेसचे अवघे 16 आमदार आले, त्यातले ते एक. हे नुसत्या आडनावावर होत नाही, हे मला मान्य आहे.

माझा एक वकील मित्र इथेच मला थांबवतो. लोक मत देतात ना, मग घराणेशाही कसली, असं त्याचं म्हणणं. पण निवडून येणं वेगळं आणि निवडणुकीला उभं राहता येणं वेगळं. मतदाराच्या हातात पहिलं असतं, दुसरं नसतं. 2024 ची रिसोडची लढत बघा. झनकांसमोर अपक्ष अनंतराव देशमुख, 1989 आणि 1991 चे वाशिमचे खासदार. तिसऱ्या भावना गवळी, 1996 चे खासदार पुंडलिकराव गवळी यांच्या कन्या आणि स्वतः 1999 पासून सलग पाच वेळा खासदार. तिघेही तयारीचे, पण ज्याच्या घरात आधी कोणी आमदार-खासदार नव्हतं आणि जो स्वतःही नव्हता, असा माणूस पहिल्या तिघांत नव्हता. मित्राकडे याला उत्तर नाही, तो फक्त "मग त्यांनी उभंच राहू नये का?" असं विचारतो. तो प्रश्न मात्र रास्त आहे.

थोडं मागे जातो. याच वाशिमने 1980 आणि 1984 साली गुलाम नबी आझादांना लोकसभेत पाठवलं. जम्मू-काश्मीरचा माणूस, इथे ना शेत, ना सोयरीक. तेव्हा "हाय कोनाचा" याचं उत्तर "पक्षाचा" असं होतं. त्या पक्षामागे दिल्लीतलं एक घराणं उभं होतं, हेही खरं. तरी गावात पक्ष नावाची वस्तू होती.

आता कारंजा पाहा. राजेंद्र पाटणी भाजपचे आमदार, 2024 च्या सुरुवातीला वारले. प्रकाश डहाके राष्ट्रवादीचे माजी आमदार, तेही हयात नाहीत. त्याच वर्षीच्या विधानसभेला पाटणींचे चिरंजीव ज्ञायक शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि डहाकेंच्या पत्नी सई भाजपकडून. सईताई जिंकल्या. दोन्ही घरं जागेवर राहिली, चिन्हं तेवढी बदलली. म्हणजे इथे टिकाऊ गोष्ट कोणती? पीकविम्याचा अर्ज अडला, रात्री बाळंतीण अकोल्याला न्यायची आहे, तलाठी सातबारावर फेरफार घेत नाही, तर माणूस पक्षाच्या कार्यालयात जात नाही. बहुतेक गावांत ते नसतंच. तो "साहेबांच्या" घरी जातो. तिथे ओसरीवर कोणीतरी कागद वाचतो, फोन लावतो, पत्र देतो. बाप गेला तरी ते दार उघडं राहील, याची त्याला खात्री हवी असते. आजोबांच्या प्रश्नात अडाणीपणा नव्हता. उद्या काम अडलं तर कुणाच्या दारात जायचं, हे ते विचारत होते.

इथवर आल्यावर माझं मूळ म्हणणं मला सोडावं लागतं. टपरीवर मी घराण्यांवर चिडलो होतो. पण वाशिम-मंगरुळपीरच्या राखीव मतदारसंघात लखन मलिक 2009, 2014, 2019 असे लागोपाठ तीनदा निवडून आले, आणि 2024 ला भाजपने त्यांच्याऐवजी उमेदवारी श्याम खोडे यांना दिली. पक्षाने नवा माणूस दिला, तो निवडूनही आला. घराणेशाहीच्या विरोधकाला याहून काय हवं? तरीही ते तिकीट बदलताना आसेगावच्या मतदाराला कोणी विचारलं नाही. उलट भावनाताईंचं लोकसभेचं तिकीट त्यांच्या पक्षाने कापलं, तर त्याच वर्षी जुलैत त्यांना विधान परिषद द्यावी लागली. ज्याच्यामागे घर आहे त्याच्याशी पक्षाला बोलावं लागतं. ज्याच्यामागे फक्त पक्ष आहे, त्याला पक्ष एका यादीत पुसू शकतो. वरच्यांना "नाही" म्हणण्याची ताकद आज या जिल्ह्यात घराण्यांकडेच उरली आहे, हे मला कबूल करावं लागतं, आणि ते कबूल करताना वाईट वाटतं.

म्हणून घराण्यांनी उभं राहू नये, असं मी आता म्हणणार नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक पक्षाच्या नोंदणीकृत सदस्याला उमेदवार ठरवताना गुप्त मत द्या, एवढंच मागेन. तिथे झनक, गवळी, डहाके यांच्या मुलांनीही यावं, आणि टपरीवर मी ज्याची तारीफ करत होतो त्यानेही.